केशरच्या नावावर घेतलेलं टोकणयंत्र

गोजरबाईची वीत बरोबर नऊ इंचांची आहे. हे कुणी अंदाजाने ठोकून दिलेलं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी गावात नवा कृषी सहायक आला होता, त्याने तिने टोकलेल्या मक्यात टेप टाकून मोजून पाहिलं. पहिली सरी मोजली, दुसरी मोजली, तिसरीला टेप गुंडाळून खिशात घातला आणि बांधावर बसून चहा प्यायला. गोजरबाईला त्याचं कौतुकही वाटलं नाही आणि रागही आला नाही. त्या पोराने चपला घालून ओल्या सरीत पाय द्यायला नको होता, एवढंच ती म्हणाली.

टोकण म्हणजे दाणा हाताने लावणं. कमरेला बियाण्याची ओटी बांधायची, वाकायचं, अंगठ्याने दाणा दोन पेरं खोल दाबायचा, वर माती सारायची आणि वीतभर पुढे सरकायचं. संगमनेरच्या आसपास गोठे वाढले, गोठ्यांना मुरघास, म्हणजे मुरवून ठेवलेला हिरवा चारा, लागू लागला, मुरघासाला मका लागू लागला, आणि दिवाळी सरली की गोजरबाईच्या टोळीला पाठ सरळ करायला सवड मिळेना. टोळीत पूर्वी बारा बाया होत्या, आता सात राहिल्यात. कुणी नातवंडांत अडकल्या, कुणाला गुडघ्यांनी घरी बसवलं, दोघी हायवेलगतच्या गोदामात कांदा निवडायला जातात. गोजरबाई स्वतः बासष्टची आहे, पण सरीत वाकली की तिचं वय कुणाला ओळखता येत नाही.

सगळ्यांची रानं एकाच आठवड्यात तयार होतात आणि सगळ्यांना टोळी त्याच आठवड्यात हवी असते. म्हणून पाळी लावावी लागते, आणि ती दसऱ्याला लागते. एरवी ज्यांच्या ओट्याखाली गोजरबाई बसते, ते बागायतदार त्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन तिच्या पत्र्याच्या घरापुढे उभे राहतात. तिला सोनं द्यायचं, तिचा बिनदुधाचा चहा प्यायचा आणि पाळी मागायची. पहिली पाळी तेवढी कुणी मागत नाही. ती गोरक्षच्या घरची.

त्यालाही कारण आहे. गोजरबाईचा नवरा गेला तेव्हा ती तिशीतली होती. त्या साली तिला कुणी टोकणीला बोलवेना. विधवेच्या हाताने रानात पहिला दाणा कसा टाकायचा, हा प्रश्न. गोरक्षच्या वडिलांनी भर चावडीवर सांगितलं की दाण्याला कुंकू दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिलाच पहिल्या सरीला उभं केलं. त्या वर्षी त्यांच्या रानात मका मावेनासा झाला. मग बाकीच्यांनाही तिचा हात आठवला. म्हातारा जाऊन अकरा वर्षं झाली, तरी पहिली पाळी त्याच रानाची राहिली.

या दसऱ्यालाही गोरक्ष तिच्या दारात गेला. सोनं दिलं, चहा प्यायला. तिने न विचारताच सांगितलं की पहिले दोन दिवस तुझे. गोरक्षने मान डोलावली. खरं तर टोकणयंत्र घ्यायचं त्याने गणपतीतच ठरवलं होतं.

गोरक्ष वाईट माणूस नाही. वाईट माणसाने तोंडावर सांगितलं असतं आणि तो मोकळा झाला असता. गोरक्षला कुणालाही तोंडावर नको म्हणता येत नाही, आणि या दुखण्यालाच तो आपला चांगुलपणा समजतो. तीन एकर रान, आठ गाया, एक छोटा ट्रॅक्टर. सात बायांना जे दोन दिवस लागतात ते यंत्र एका सकाळीत उरकतं. बाया दर वर्षी कमी होणार आणि गाया वाढणार, हा हिशेब काही चुकीचा नव्हता. तो गोजरबाईपुढे मांडायचा कसा, एवढाच प्रश्न होता, आणि तो त्याने दिवाळीपर्यंत ढकलला.

नवं यंत्र परवडत नव्हतं, म्हणून जुनं. नाशिक-पुणे रस्त्याला लागून सुनील नावाच्या माणसाचं जुन्या अवजारांचं आवार आहे. गोरक्ष तिथे दोनदा जाऊन आला. यंत्रांभोवती फिरला, चाकांना लाथा मारून पाहिल्या, आणि काही न कळता परत आला. त्याच्या एका ओळखीच्याने असंच लोखंड पाहून यंत्र घेतलं होतं, त्याच्या रानात निम्म्या ओळी उगवल्याच नाहीत. लोखंड कुणीही पाहील. दाणा कसा पडायला हवा हे पाहणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता, आणि तो माणूस म्हणजे गोजरबाई.

तिलाच घेऊन जावं हे गोरक्षच्या डोक्यात आलं ते दूध काढताना. त्याची बहीण केशर पारनेर तालुक्यात दिली आहे. यंत्र केशरला हवंय असं सांगायचं. त्याने हे बायकोला सांगितलं तेव्हा मुक्ताच्या हाताखालची भाकरी परातीतच राहिली.

“तिचंच काम जानार, आनि यंत्र तिच्याकडूनच निवडून घ्यायचं?” ती म्हणाली. “सांगून टाका की गोजरआक्काला. रागावंल, दोन दिस बोलनार न्हाई. पन सांगा.”

सांगतो की, असं गोरक्ष म्हणाला. तो नेहमी असंच म्हणतो.

गोजरबाई लगेच तयार झाली. केशर तिच्या हाताखाली टोकण शिकलेली पोर, तिच्यासाठी एक दिवस मोडायला तिची काही हरकत नव्हती. उलट जाताना तिने गेल्या साली उरलेलं मूठभर गुलाबी बियाणं फडक्यात बांधून घेतलं.

सुनीलच्या आवारात मका पेरणारी तीन यंत्रं होती, तिन्ही दोन ओळींची. सुनीलने पेटीत पिवळेधमक दाणे ओतले तसा गोजरबाईने हात आडवा धरला. हा कोंबड्यांना घालायचा मका आहे, म्हणाली. बियाण्याला औषधाची पूड चोळलेली असते, ती पेटीतल्या दाणे सोडणाऱ्या चकतीला धरते, आणि चकती अडली की दाणा चुकतो. दाणे उपसायला लावून तिने आपल्या फडक्याची गाठ सोडली. मग फण वर उचलून, चाक तेवढं जमिनीला टेकवून ट्रॅक्टर सावकाश ओढायला सांगितला. यंत्रामागे ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वाकून चालत राहिली. आवारातली पोरं काम सोडून बघू लागली.

पहिलं यंत्र नुकतंच लाल रंगवलेलं होतं. ते एका जागी दोन दाणे टाकी आणि मग दोन विती कोरड्या सोडून देई. “रंग झ्याक हाय,” गोजरबाई म्हणाली. “रंग पेरायचा आसंल तर न्या.”

दुसऱ्याचं अंतर बरोबर होतं. गोरक्षला ते आवडलंही. पण तिने खाली पडलेले वीस दाणे वेचले, तळहातावर घेऊन उन्हात धरले आणि त्यातले तीन बाजूला काढले. तिघांचंही कोंबाकडचं टोक किंचित फुटलेलं होतं. चकती दाणा चावते, ती म्हणाली. असा दाणा मातीत कुजतो आणि शेतकरी बियाणेवाल्याला शिव्या देत बसतो. गोरक्षने ते दाणे हातात घेऊन पाहिले. त्याला दिसले नसते.

तिसरं खर्डा गावाकडून आलेलं, गंजलेलं, पेटीचं झाकण तारेने बांधलेलं. ते कुणी विकत घेईल असं खुद्द सुनीललाही वाटत नसावं. पण ते चाललं आणि गोजरबाई मधेच थांबली. वितीवर एक दाणा, पुढच्या वितीवर एक दाणा. तिने खाली बसून हाताने मोजलं आणि ट्रॅक्टर परत फिरवायला लावला. चार वेळा फिरवला. प्रत्येक फेरीत एकदा-दोनदा दाणा चुकत होता, आणि ते का चुकतंय हे समजेपर्यंत ती जागची हलायला तयार नव्हती. शेवटी तिने चाकावर हात ठेवून ते गरकन फिरवलं आणि एका जागी बोट टेकवलं. तिथले चार दाते झिजले होते. तेवढ्या जागेवर चाक घसरे, त्याने फिरणारी चकती थांबे आणि दाणा मागे राही.

“हितं नवीन दाते जोडून द्या,” तिने सुनीलला सांगितलं. “मग ह्याचं काम आनि माझं काम, कुनी वळखून दाखवावं.”

सुनील हसून म्हणाला, “मावशी, माझ्या पोटावर पाय द्यायलाच आलात तुमी.” गोरक्षने मान खाली घातली आणि चपलेला लागलेलं ग्रीस पुसत राहिला.

भावही तिनेच पाडला. कोरडवाहू रानातली बाई आहे, तिला लुबाडू नका, असं ती केशरबद्दल इतक्या पोटतिडकीने बोलली, की सुनीलने दाते फुकट जोडून द्यायचं कबूल केलं. यंत्र चार दिवसांनी केशरचा माणूस येऊन नेईल, असं गोरक्षने सांगितलं. गोजरबाई खूश होती. स्टँडवर तिने स्वतःच्या पैशाने दोन चहा सांगितले आणि गोरक्षला देऊ दिले नाहीत.

एसटीत ती खिडकीशी बसली. गाडी गावाबाहेर पडली. मग म्हणाली, “गोरख, केशरकडं टोकायला कोन येतं?”

असतील कुणी तिथल्या बाया, गोरक्ष म्हणाला.

“त्यांना सांगितलं का तिनं?”

गोरक्ष तिकिटाच्या घड्या घालत राहिला. तेव्हा तिने समजावून सांगितलं. यंत्र घेऊ नये असं तिचं म्हणणं नव्हतं, ज्याला जमेल त्याने घ्यावं. पण बायांना आधी सांगावं. आधी कळलं तर त्या दुसरं रान धरतात. ऐन वेळेला कळलं तर दुसऱ्यांच्या पाळ्या लागून गेलेल्या असतात आणि बाया हात हलवत घरी बसतात. तिच्या टोळीचं एकदा असं झालं होतं. त्या आठवड्यात टोळीतल्या झुंबरबाईच्या घरी नुसत्या भाकरी आणि मीठ होतं.

“लाव तिला फोन,” ती म्हणाली. “आत्ताच लाव. नंतर इसरून जातं.”

गोरक्षने मोबाईल काढला. रेंज नाही म्हणावं असं त्याच्या मनात आलं, पण पुढच्या बाकावरचा माणूस मोबाईलवर खणखणीत आवाजात बोलत होता. त्याने अंगठा नुसताच पडद्यावरून फिरवला आणि मोबाईल कानाला लावला. पलीकडे काहीच नव्हतं. त्या काहीच नसलेल्याशी तो बोलला. केशर, यंत्र मिळालं गं. हो, आक्कानेच निवडलं. आणि ऐक, तिथल्या बायांना आजच सांगून टाक. आज म्हणजे आजच. गोजरबाई त्याच्याकडे झुकून एकेका शब्दाला मान हलवत होती. मधेच कुजबुजली, “म्हायेरला ये म्हनावं एकदा.” तेही त्याने सांगितलं. मग थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं आणि मोबाईल खिशात ठेवला.

“सांगती म्हनली,” तो म्हणाला.

“गुनाची पोर,” गोजरबाई म्हणाली आणि निवांत डोळे मिटून बसली.

गोरक्षला स्वतःची किळस आली. आयुष्यात तो खोटं बोलला नव्हता असं नाही, पण एवढा वेळ, आवाजात चढउतार करून, आणि तेही त्याच्यावर विश्वास टाकून बसलेल्या माणसाशेजारी, तो कधी बोलला नव्हता. घरी गेल्यावर तो जेवला नाही. मुक्ताने कारण विचारलं नाही, तिला ते माहीत होतं.

तरीही सगळं सावरता आलं असतं. दोन दिवसांनी दूध डेअरीवर त्याला विल्सन सर भेटले. शेजारच्या गावचे निवृत्त शिक्षक, अडीच एकर मका करायचे. त्यांना मुलीच्या घरी पुण्याला जायचं होतं, म्हणून टोळी पहिले दोन दिवस हवी होती. गोजरबाईने त्यांना साफ नकार दिला होता, ते दिवस गोरखचे म्हणून. सरांनी अगदी संकोचाने विचारलं, की गोरक्षराव, तुम्ही दोन दिवस मागे सरकाल का?

गोरक्षने त्या क्षणी हो म्हणायला हवं होतं. दिवस सरांना गेले असते, बायांना काम मिळालं असतं, आणि त्याचं खोटंसुद्धा कदाचित झाकलं गेलं असतं. पण अपराधी माणसाला सोपी गोष्टही सरळ दिसत नाही. आपण पाळी सोडली तर आक्का का म्हणून विचारेल, या एका भीतीने तो म्हणाला, आक्काला विचारून सांगतो.

तो गेला मात्र त्याच संध्याकाळी. गोजरबाई दारात बसून जुन्या लुगड्याच्या सात ओट्या शिवत होती, टोळीतल्या प्रत्येकीला एक. या खेपेला सांगायचंच असं घोकत तो आला होता. बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, की विल्सन सरांचं आधी करून टाकलं तर?

तिने सुई थांबवली. तिला ते लागलं. पहिली पाळी कुणासाठी मोडायची नसते, ती म्हणाली. सर भले माणूस आहेत, पण तुझा बाप माझ्यामागे उभा राहिला तेव्हा त्यांच्या गावात मला पाणीसुद्धा कुणी विचारत नव्हतं. मी असेपर्यंत तुझं रान दुसऱ्या नंबरला जाणार नाही. एवढं बोलून तिने पुन्हा सुई घातली, आणि गोरक्ष जसा आला तसा उठून गेला. सर थांबले नाहीत. त्यांनी भाड्याचं यंत्र सांगितलं आणि एका सकाळीत मोकळे झाले. टोळीचं तेही काम गेलं.

यंत्र आलं, गोरक्षने गोठ्याच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. रान ओलवून चार दिवस झाले होते. उद्या टोळी येणार, आज आपण सांगायचं, असं ठरवून तो सकाळी दूध घालून परतला, तर गोजरबाई आधीच रानात उभी. टोकणीच्या आदल्या दिवशी येऊन माती बघून जायची तिची रीतच होती. तिने मातीचा मुटका वळला, फोडला, उद्या सकाळी जमतंय म्हणाली आणि हात धुवायला गोठ्याकडच्या नळावर गेली. गोरक्ष मागोमाग पळत गेला, पण ताडपत्री चाकाला पुरत नव्हती. गंजलेल्या चाकावर चार नवे दाते चकचकत होते.

गोजरबाई नळ सोडून तशीच उभी राहिली.

“केशरनं परत धाडलं व्हय?” तिने विचारलं.

तिने वाट करून दिली होती. गोरक्षला त्या वाटेने जाता आलं असतं, आणि तिने मान्यही केलं असतं. का कोण जाणे, पण त्याला आता तेवढंही जमेना.

“न्हाई आक्का,” तो म्हणाला. “माझ्यासाठीच घेतलं हुतं. पयल्यापासनं.”

तिने नळ बंद केला. पदराला हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

“मंग फोनवर कोन हुतं?”

“कुनी न्हाई.”

ती ओरडली असती तर गोरक्षला बरं वाटलं असतं. ती नुसती “बरं” म्हणाली. बांधापर्यंत गेल्यावर तिने एवढंच विचारलं, की मग उद्या बायांना येऊ नका म्हणून सांगू ना? गोरक्ष तिच्यामागे चालत राहिला. चुकलं, म्हणाला, दोनदा म्हणाला. आणि काहीतरी हातात द्यायला हवं म्हणून बोलून गेला, की उगवण झाल्यावर जिथे दाणा चुकलेला दिसेल तिथे नवा लावायला तुम्हीच या. नांग्या भरायचं काम दुसऱ्या कुणाला देणार नाही. यंत्र म्हटलं की नांग्या पडणारच. गोजरबाईने क्षणभर विचार केला. बायांपुढे रिकाम्या हाताने जायचं तिच्या जिवावर आलं असावं. येते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोरक्षने अकरापर्यंत सगळं रान पेरून टाकलं. यंत्राचा आवाज वाड्यावस्त्यांवर ऐकू जात होता. सात बाया आपापल्या घरी होत्या आणि त्यांना तो ऐकू जात असणार, हे त्याला प्रत्येक वळणावर वाटत राहिलं. त्याला ते इतक्या लवकर संपायला नको होतं.

मका दहाव्या दिवशी उगवून वर आला. बाराव्या दिवशी सकाळी गोजरबाई झुंबरबाईला घेऊन आली. दोघींच्या कमरेला नव्या शिवलेल्या ओट्या होत्या, दोघींची न्याहारी फडक्यात बांधलेली, पुऱ्या दिवसाच्या तयारीने आलेल्या. बाकीच्या पाच जणींना दुपारनंतर बोलावू, असं तिने येतानाच सांगितलं. गोरक्षने बियाणं पुढे केलं. आधी बघून येते, असं म्हणून ती पहिल्या सरीत शिरली.

तिने एकही ओळ सोडली नाही. गोरक्ष बांधावरून बघत होता. ती चालत होती, कुठे वाकत नव्हती, आणि जसजशी ती वाकेना तसतसा तो बांधावरून तिच्याबरोबर पुढे सरकत गेला. मनातल्या मनात तो म्हणत होता, की पाखरांनी तरी उकरलं असू दे, मुंग्यांनी तरी नेलं असू दे. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर तिने वळून सगळ्या रानावरून नजर फिरवली. वितीवर एक रोप, पुढच्या वितीवर एक रोप. तिच्या चेहऱ्यावर पळभर समाधान आलं, तीस वर्षं स्वतः टोकलेल्या रानाकडे बघताना यायचं तसंच. मग ते गेलं.

परत आली तेव्हाही तिने बियाण्याला हात लावला नाही.

“अकरा नांग्या हायेत,” ती म्हणाली. “आख्ख्या रानात अकरा. यंत्र चांगलं निघालं.”

गोरक्ष म्हणाला की तरी थांबा, पूर्ण दिवसाची हजेरी देतो, दोघींना काय, सातही जणींना देतो. गोजरबाई त्याच्याकडे रागाने बघत नव्हती. न केलेल्या कामाची हजेरी मी कधी घेतली का, असं तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता झुंबरबाईकडे वळली. ती बिचारी कमरेत वाकून, अंगठा मातीला लावून, कुठून सुरुवात करायची ते विचारत होती.

“ऊठ झुंबरे,” गोजरबाई म्हणाली. “ओटी सोड. हितं काम न्हाई.”